इंदू, आता कडी माझ्याकडे आहे

इंदू, तू गेलीस आणि मंगलचा पत्ता गेला. भेटायला येणाऱ्यांना मी हेच सांगत होते, आणि त्यांना वाटत होतं की धक्क्यामुळे मी काहीतरी भलतंच बोलते आहे. धक्का बसलाच होता, पण बोलत होते ते पूर्ण शुद्धीवर. कोर्टाने मंगलला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तेव्हा तिच्या बाजूने दोनच गोष्टी होत्या. राहायला तुझं म्हसरूळचं घर, आणि जामीनदार म्हणून तू. सकाळी चहा गाळता गाळता तू ओट्याला टेकून खाली बसलीस आणि दोन्ही एकदमच गेल्या. मी पोचले तेव्हा तुझ्याच घरात राहणाऱ्या नजमाआपाने तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि चहा अजून गाळणीत होता.

शाळेतल्या तुझ्या मैत्रिणी म्हणतात, शोभा, तू तिच्यावर लिही. कुठे जन्मली, कुठे शिकवलं, सत्कार कोणते झाले. ते त्यांनीच लिहावं, त्यांचं अक्षरही चांगलं आहे. मला तुझ्याशी भांडायचंय. मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये लंगडी खेळायचो तेव्हापासून आपण भांडतोय, आणि तू कायम भांडण अर्ध्यावर टाकून स्वयंपाकघरात निघून जायचीस. ह्या वेळी मात्र तू हद्द केलीस.

आपलं सगळ्यात मोठं भांडण कुलपाचं. निवृत्त झाल्यावर तू तुरुंगातल्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवायला जाऊ लागलीस, तोवर ठीक होतं. मग एक दिवस म्हणालीस, "शोभे, अगं आतल्या निम्म्या बायका कुणाला धोका आहे म्हणून आत नाहीत. बाहेर त्यांना कुणी दारात उभं करत नाही म्हणून आत आहेत." त्यानंतर तू आपलं घरच उघडलंस. कोर्ट ज्यांना हमीवर सोडायला तयार आहे पण ज्यांना जायला जागा नाही, अशा बायका तुझ्याकडे राहायला लागल्या. वकील म्हणून त्यांची कामं मी बघायची, हे तू मला न विचारताच ठरवलंस.

आणि त्या घराला बाहेरून कुलूप नाही! मी किती डोकं फोडलं. म्हटलं, फाटकाला कुलूप लाव, एक कॅमेरा बसव, कोर्टाला जरा बरं वाटेल. तू म्हणालीस, "मग इकडे आणि तिकडे फरक काय राहिला? तिकडे निदान चपात्या मला लाटाव्या लागत नाहीत." मी म्हटलं, हे काम खरं तर सरकारनं करायला हवं, प्रत्येक जिल्ह्यात असं घर हवं. त्यावर तू हसलीस. "सरकार बांधेल गं. पण आधी कुलूप विकत आणेल आणि मग घर."

तुझ्या दाराला फक्त आतून कडी. आणि त्या कडीचा तुझा तो अजब कायदा. घरात जी सर्वांत नवी असेल, कडी तिची. दिवेलागणीला तिने लावायची, सकाळी तिनेच काढायची, आणि तिच्यानंतर दुसरी कुणी आली की कडी त्या दुसरीची. मी म्हणायचे, कालच लॉकअपमधून आलेल्या बाईच्या हातात दार देतेस, तुला कळतंय का? तू म्हणायचीस, "इतके दिवस दुसऱ्यांनी तिच्यावर दार लावलं. आता तिला लावू दे." की झालं, निघालीस स्वयंपाकघरात.

मंगल आली तो दिवस मला आठवतो, कारण मीच तिला कोर्टातून घेऊन आले होते. कळवणकडच्या खेड्यातली बाई. दारू पिऊन रोज मारणाऱ्या नवऱ्याच्या खांद्यात तिने विळा घातला होता. त्याचा तो हात आता वर होत नाही. मी कोर्टात झटापट, स्वसंरक्षण, प्रक्षोभ वगैरे सगळं मांडलं. तिने मात्र विचारल्यावर सरळ सांगितलं, "घातला मी. आता पुन्यांदा नाय घालनार, पन घातला." माहेरी घेईनात, सासरी तर प्रश्नच नव्हता. मुलगी आश्रमशाळेत. त्या पहिल्या संध्याकाळी तू तिला दार दाखवून म्हणालीस, "कडी तुझी." ती दारापाशी गेली आणि हात खाली सोडून नुसती उभी राहिली. दार कुणीतरी दुसरं लावतं, आपण फक्त त्याच्यासमोर उभं राहायचं, एवढंच तिच्या अंगात बसलं होतं. तू घाई केली नाहीस. भाजी करपली तरी तिथेच उभी राहिलीस.

सकाळी ती विचारायची, "उघडू का?" रोज विचारायची. तू रोज म्हणायचीस, "मला काय विचारतेस?" नजमाआपा वैतागायची. ती तुझ्या घरातली सगळ्यात पहिली, मुदत संपल्यावरही न गेलेली, मालेगावची. तिला पहाटे दूध आणायला जायचं असायचं आणि ही दारापाशी परवानगी मागत उभी. "अगे खोल ना माय, दूधवाला क्या तेरे हुकूमपर रुकेगा?" बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी मंगलने न विचारता कडी काढली. तू मला फोन करून तेवढंच सांगितलंस आणि ठेवून दिलास. मी तेव्हा कोर्टात होते, माझ्या काही लक्षात आलं नाही. आता येतंय, पण आता कुणाला फोन करू?

आणि ती मेथीची संध्याकाळ. मंगल तोवर दिंडोरी रस्त्याच्या एका रोपवाटिकेत द्राक्षाची कलमं बांधायला जायला लागली होती. त्या दिवशी अंधार पडला तरी ती आली नाही. मी नेमकी तुझ्याकडे होते. मी म्हटलं, गेली. मी म्हटलं, इंदू, पोलिसांना कळव, नाहीतर तू अडकशील, मी अडकेन, उद्या एकही बाई कोर्ट तुझ्याकडे देणार नाही. तू मेथी निवडत होतीस. "येईल," म्हणालीस, आणि माझ्यापुढे अर्धी जुडी सरकवलीस. मी निवडली नाही, रागाने पानं-काड्या एकत्र केल्या. मग फाटक वाजलं. मंगल गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, धापा टाकत. बस चुकली म्हणून पायी आली होती, निम्मा रस्ता पळत. तुझ्याकडे न बघता ती सरळ दाराकडे गेली. "कडी लावायची ऱ्हायली ना बाई. माझ्यामुळं समद्यांचा खोळंबा झाला." तू मेथी उचलून स्वयंपाकघरात निघून गेलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. त्या रात्रीच्या भाजीत माझ्या काड्या प्रत्येक घासाला लागत होत्या आणि तू मिटक्या मारत जेवलीस, दुष्ट बाई.

कुलपाचं भांडण मी त्याच दिवशी हरले होते. ते मी तुला कधी म्हटलं नाही, कारण तू फार चढली असतीस.

पण दुसरं भांडण मी हरलेले नाही, आणि ते तू आता ऐकूनच घे. मी किती वेळा म्हटलं असेल, इंदू, हे सगळं तुझ्या एकटीच्या नावावर आहे. हमी तुझी, घर तुझं, सही तुझी. एखादी संस्था काढ, चार माणसं घे, तू नसशील तेव्हा कोण? तू म्हणायचीस, "चार माणसं आली की पहिल्या बैठकीत कुलूप आणतील." मग पुढे, "बघू गं. मी काय उद्या मरतेय का?" मलाही तू मरशील असं खरं वाटत नव्हतं.

तुझ्यामागे मी तुझ्या घरात राहायला आले. कोर्टाला सांगायला कुणीतरी जबाबदार व्यक्ती हवी होती. घरात राहणाऱ्या बाकीच्या दोघींची हमीची मुदत तू असतानाच संपली होती, त्या आपापल्या वाटेला लागल्या होत्या, तेवढं एक बरं. उरलो आम्ही तिघी. पहिल्याच संध्याकाळी मंगल माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "वकीलताई, कडी." मला कळेना. "तुमी नव्या ना आता. कडी तुमची." नजमाआपा तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी उठून कडी लावली. माझं वय काय, माझी वकिलीची सनद किती वर्षांची, आणि कडी नीट बसली का म्हणून मी दोनदा ओढून पाहिलं.

मग जामीनदार शोधायला निघाले. कोर्टाने तारीख दिली, नवा जामीनदार आणा म्हणाले. मी स्वतः उभी राहू शकत नाही, वकिलाने आपल्या अशिलाला जामीन राहायचं नाही असा आमचा नियम. म्हटलं, वकीलपत्र सोडते. पण माझ्या नावावर आहे काय? राहते ती खोली भाड्याची, तिथे मालक दुसरं कुणी ठेवू देत नाही, ऑफिस भाड्याचं. एक स्कूटर आहे, तिचा हॉर्न वाजत नाही. रोपवाटिकेच्या मालकाकडे गेले. त्याने चहा पाजला, मंगलच्या हाताचं कौतुक केलं, तिने बांधलेलं कलम मरत नाही म्हणाला. मग म्हणाला, "बाई चांगली आहे हो मॅडम, त्यात वादच नाही. पण कोर्टाचं लफडं नको." तिचा भाऊ कळवणहून आला. जेवला, बहिणीसमोर बसून डोळे पुसले. "भाऊबंद लय वंगाळ हायेत ताई. सही केली तं मला गावात ऱ्हाऊ देनार नाय." तिने त्याला वाटेसाठी भाकरी बांधून दिली. माझ्या मनमाडच्या भावालाही विचारलं. तो म्हणाला, तुझ्यासाठी काहीही माग, पण हे मागू नकोस. कुणीही वाईट वागलं नाही, इंदू. कुणी दार आपटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. सगळ्यांनी चहा दिला.

तुझा पुतण्या निखिलही वाईट नाही. तुझ्या दिवसांना सगळं त्यानेच केलं, मनापासून केलं. पुण्याला बायको, लहान मूल, नोकरी. घर आता त्याचं. मी त्याला जामीन राहशील का विचारलं, तेव्हा त्याने तुझ्या फोटोवरचा हार सारखा केला. म्हणाला, "आत्याने केलं ते आत्यालाच जमलं, मावशी. मला इतकी भीती वाटते की मी खोटं कशाला बोलू?" महिनाअखेरीला घर रिकामं करून द्या, त्याने अशीच विनंती केली, हात जोडून. मी नजमाआपाला सांगितलं, ती भाचीकडे मालेगावला जाते म्हणाली. मंगलला सांगायचं मी तारखेपर्यंत पुढे ढकललं.

तारखेच्या आधी नजमाआपाने मला बाजूला घेतलं. "मेरेको लिख लो जामीन में." मी म्हटलं, आपा, तुमच्या नावावर काही हवं. ती विचार करून म्हणाली, "भांडी हैं ना. डेकची अच्छी वाली है, तांबे की." मी तिला मिठी मारली, कारण दुसरं काय करणार होते? तुला हे ऐकवायला हवं होतं. तू पोट धरून हसली असतीस आणि मग ती डेकची घासून ठेवली असतीस.

तुझा आणखी एक नियम होता, तोही मला कधी पटला नव्हता. कोर्टाच्या तारखेला जिने तिने आपलं आपण जायचं, कुणी धरून न्यायचं नाही. त्या सकाळी मंगल लवकर तयार झाली. वेणी घातली, मुलीने शाळेत केलेली मण्यांची माळ पिशवीत ठेवली. तिला माहीत होतं की जामीनदार मिळालेला नाही. मी दारापाशी गेले. कडीवर हात ठेवला आणि तो पुढे सरकेना. मागे वळून मी तिला विचारलं, "उघडू का गं?"

ती म्हणाली, "मला काय इचारता?"

उघडलं. ती चालत मोठ्या रस्त्याला गेली. तुझ्या फाटकातून तो स्टॉप दिसतो, तुला माहीतच आहे. अलीकडून सीबीएसला, म्हणजे कोर्टाकडे जाणारी शहर बस. पलीकडून वणीवरून कळवणला जाणारी एसटी. ती अलीकडे उभी राहिली. तेवढ्यात पलीकडे कळवणची एसटी आली आणि कुणालातरी उतरवायला थांबली. दार उघडं. आणि इंदू, मी, मी जिने तुला कुलपासाठी इतकं छळलं, मी फाटक घट्ट धरून मनातल्या मनात ओरडत होते, जा. चढ. पळ. मुलीला घे आणि कुठेतरी डोंगरात जा, मी सांगेन मला माहीत नाही म्हणून. सनद गेली तर गेली. मंगलने त्या एसटीकडे पाहिलं. मला इथून दिसलं, तिने पाहिलं. एसटी गेली. ती अलीकडेच उभी होती.

मी स्कूटरवरून पोचले तेव्हा ती कोर्टाच्या बाकावर बसलेली होती, शेजारी पिशवी ठेवून माझी जागा धरलेली. मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की काय सांगू. इतकं पक्कं कशाला शिकवलंस तिला?

न्यायाधीश साहेब चांगले होते. प्रोबेशनच्या मॅडमनी अहवाल उत्तम दिला होता, साहेबांनी तो वाचलाही. मी बोलले, जितकं बोलता येतं तितकं बोलले. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "मॅडम, मलाही हे करताना बरं वाटत नाहीये. पण मी हुकुमात लिहू काय? ही बाई कुठे राहील म्हणून लिहू?" एवढी वर्षं बोलून खाल्लं, आणि एक पत्ता मला सांगता आला नाही. काही महिन्यांची शिक्षा झाली. तुझ्याकडे काढलेले दिवस त्यात कुठेच धरले गेले नाहीत. अपील मी करते आहे. जामिनावर सोडा म्हणेन, आणि तिथेही विचारतील, जामीनदार कोण, राहणार कुठे.

काल तिला भेटायला तुरुंगात गेले होते. तुझ्याबद्दलही बोललो. ती म्हणाली, आतल्या एका नव्या बाईला ती अक्षरं शिकवते आहे, तू तिला शिकवलीस तशीच, 'ग' पासून. 'अ' लय अवघड पडतो म्हणून तू 'ग' पासून सुरू करायचीस, हे मला माहीतच नव्हतं. किती गोष्टी तू मला सांगितल्याच नाहीस. मला वाटायचं, आपल्यात सगळं बोलून झालंय, फक्त भांडणं उरलीत. मला तुझी फार आठवण येते. भाजी निवडताना येते, कोर्टात येते, आणि संध्याकाळी दारापाशी तर उभंही राहवत नाही.

निघताना मंगलने विचारलं, "कडी कोन लावतं?"

"मीच."

"सकाळी येळेवर काढत जा. आपाला दुधाला जायचं आसतं." मग जाळीजवळ आली आणि हळूच हसली. "आता काय, थोडे म्हयने. सुटून आले की घरात मीच नवी. मंग कडी पुन्यांदा माझी, वकीलताई. तवर तुमी सांभाळा."

मी हो म्हटलं. महिनाअखेरीचं मी तिला सांगितलं नाही. ते कसं सांगायचं, इंदू, तेवढं तरी मला सांगून जायचं होतंस.